मशीनने नाकारलेला सेल दिव्यात कसा चालतो?

शुगर तपासायचं मशीन ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे कोडं नवं नाही. मशीनच्या पडद्यावर बॅटरीचं चिन्ह लुकलुकायला लागतं आणि चार दिवसांनी मशीन चालूच होत नाही. मग आतला नाण्याएवढा चपटा सेल काढून नवा घातला जातो. जुना सेल मुलं पळवतात आणि गणपतीच्या आराशीतल्या इलेक्ट्रिक दिव्यात बसवतात. आणि दिवा चक्क लागतो. घरात कुणी चिकित्सक असेल तर तो सेल घेऊन टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जातो. दुकानदार मल्टिमीटर लावतो, काटा २.९ व्होल्ट दाखवतो आणि निकाल मिळतो, “सेल ठणठणीत आहे, तुमचं मशीनच गेलंय.”

आता घरात दुसरी शंका डोकं वर काढते. सेल उतरत होता म्हणूनच मागच्या आठवड्यात आजोबांची शुगर २१२ आली असेल का? तो आकडा धरायचा की सोडून द्यायचा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण काळजी तिथेच आहे. सेल कमजोर झाला म्हणून आकडा बिघडत नाही. सेल बदलताना एक वेगळीच गोष्ट बिघडते, आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. तिथे येऊच.

सेलच्या पाठीवर काय लिहिलंय?

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक ग्लुकोमीटरमध्ये ‘सीआर २०३२’ हा सेल असतो, काहींत एक, काहींत दोन. हे गूढ वाटणारं नाव म्हणजे सेलची मोजमापं आहेत. ‘सी’ हे अक्षर आतल्या रसायनाचं: एका बाजूला लिथियम धातू, दुसऱ्या बाजूला मँगनीज डायऑक्साइड. ‘आर’ म्हणजे आकार गोल. पुढचे २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. या जोडीतून तीन व्होल्टचा दाब मिळतो. वजनकाटा, गाडीची रिमोट चावी, संगणकातलं घड्याळ या सगळ्यांत हाच सेल सापडतो.

त्यातली वीज मात्र अगदी थोडी. साधारण २२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे एका वॉट-तासाच्या दोन तृतीयांश. नऊ वॉटचा एलईडी बल्ब त्यावर लावता आला असता, तर चार-साडेचार मिनिटांत विझला असता. ज्या कोयनेच्या पाण्यावर १९६० मेगावॅटचा प्रकल्प चालतो, त्याच खोऱ्यातल्या एखाद्या आजींचं वर्षभराचं पथ्यपाणी एवढ्याशा विजेवर ठरतं, ही मला तरी मौजेची गोष्ट वाटते.

एका सेलवर हजारएक चाचण्या होतात असं काही मशीनच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते जमतं कसं? समजा, एका चाचणीत मशीन अर्धा मिनिट चालू राहिलं आणि तेवढा वेळ ५ मिलिअँपिअर विद्युतप्रवाह घेतला. हजार चाचण्यांचा हिशेब होतो ४२ मिलिअँपिअर-तास. म्हणजे सेलमधल्या विजेचा पाचवा हिस्साही नाही. उरलेली कुठे जाते? एक वाटेकरी नजरेआड असतो. मशीन बंद दिसलं तरी त्यातलं घड्याळ अखंड चालू असतं. त्याला अवघे ३ मायक्रोअँपिअर लागतात असं धरलं, तरी वर्षाला २६ मिलिअँपिअर-तास गेले. पडद्यामागचा उजेड, बटण दाबल्यावरची ‘टीं’, मोबाइलला आकडे पाठवणारं ब्लूटूथ यांचा खर्च आणखी वेगळा. म्हणून आठवड्यातून एकदाच तपासणाऱ्याचा सेल वीस वर्षं पुरेल, असा हिशेब मांडू नये. कपाटात पडून असलेल्या मशीनचाही सेल उतरतच असतो.

ते पाच सेकंद

मशीन करतं काय, हेही थोडक्यात पाहू. पट्टीच्या टोकाशी एक विकर, म्हणजे एन्झाइम, वाळवून ठेवलेलं असतं. रक्ताचा थेंब आत ओढला गेला की ते रक्तातल्या ग्लुकोजशी क्रिया करतं. त्या क्रियेत इलेक्ट्रॉन सुटतात आणि पट्टीवरच्या बारीक पट्ट्यांमधून मशीनकडे जातात. मशीन पट्टीला काही दशांश व्होल्टचा ठरावीक दाब देतं आणि किती प्रवाह आला ते मोजतं. ग्लुकोज जास्त तर प्रवाह जास्त. काही मशीन प्रवाहाऐवजी पट्टीच्या बदललेल्या रंगावर प्रकाश टाकून मोजणी करतात.

रंग मोजण्याची पद्धत जुनी. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या एम्स कंपनीने आणलेलं पहिलं मशीन किलोभर वजनाचं होतं, त्यात शिसं आणि आम्लाची बॅटरी होती आणि ते मुख्यतः दवाखान्यांत वापरलं जाई. प्रवाह मोजणारं, पेनाएवढं, घरी वापरायचं मशीन १९८७ मध्ये आलं. नाण्याएवढ्या सेलवर भागायला लागलं ते मोजणी आणि मोजणारी चिप दोन्ही काटकसरी झाल्यामुळे.

विहिरीत पाणी आहे, पण…

आता दिव्याचं कोडं. त्यासाठी तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागेत जाऊ. ठिबकच्या नळ्या जुन्या झाल्या, फिल्टर क्षारांनी चोंदला. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना प्रेशर गेज पाहिलं तर दाब पूर्ण दिसतो. पाहणारा म्हणतो, सगळं ठीक आहे. पण व्हॉल्व्ह उघडून बाग भिजवायला घेतली की दाब एकदम पडतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोचत नाही. विहिरीतलं पाणी संपलेलं नसतं, वाटेत अडथळा वाढलेला असतो.

सेलमध्ये नेमकं हेच होतं. ताज्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे स्वतःच्या पोटातून वीज बाहेर सोडताना होणारा अडथळा, दहा-वीस ओहम असतो. सेल वापरत जावा तसतशी आतली रसायनं बदलतात आणि शेवटी शेवटी हा रोध शंभर ओहमच्याही वर जातो. मल्टिमीटर सेलकडून जवळपास काहीच प्रवाह घेत नाही. त्यामुळे तो बंद व्हॉल्व्हचा दाब दाखवतो: २.९ व्होल्ट, ठणठणीत! पण ग्लुकोमीटरने क्षणभरासाठी १० मिलिअँपिअर मागितले की १०० ओहमच्या रोधात एक अख्खा व्होल्ट खर्च होतो. हातात उरतात १.९. एवढ्यावर चिप काम करायला तयार नसते.

दिव्याचं तसं नाही. मिळेल त्या प्रवाहावर तो मिणमिणत राहतो. कालच्यापेक्षा आज उजेड निम्मा पडला म्हणून आरास बघायला आलेलं कुणी तक्रार करत नाही. तेव्हा दुकानदाराचा मल्टिमीटर खोटं बोलला नाही, त्याला प्रश्नच चुकीचा विचारला गेला. सेलची खरी परीक्षा त्यावर ओझं टाकूनच होते. घरच्या घरी करायचं तर नवा सेल घालून मशीन चालतं का बघावं, बास.

मग २१२ चं काय?

मशीनच्या चिपमध्ये एक संदर्भ-व्होल्टेज तयार केलेलं असतं. ते सिलिकॉनच्या अंगच्या गुणधर्मावर ठरतं, साधारण सव्वा व्होल्टच्या आसपास. सेल ३ व्होल्टवर असो वा २.७ वर, ते हलत नाही. पट्टीला दिला जाणारा दाब आणि परत आलेल्या प्रवाहाचं माप, दोन्ही या न हलणाऱ्या खुणेवरून काढतात. शिवाय सुरू होताना मशीन सेलचा दाब तपासून घेतं. कमी वाटला तर चिन्ह दाखवतं. फारच कमी असेल तर मोजणी नाकारतं किंवा मध्येच एरर देऊन थांबतं. अर्धवट विजेवर अंदाजाने आकडा सांगण्याची त्याला मुभाच नाही. त्यामुळे चिन्ह दिसत असतानाही पडद्यावर आकडा आला असेल, तर त्याचं खापर सेलवर फोडता येत नाही.

संशय घ्यायचाच तर दुसरीकडे घ्यावा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५१९७ च्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे, १०० आणि त्यापुढच्या शुगरला मशीनचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असले की मशीन पास. म्हणजे खरी शुगर २०० असताना १८० आले काय आणि २२० आले काय, मशीन आपल्या जागी बरोबर असतं. सकाळी मशीनवर १४२ आणि लॅबमध्ये १३१ आली म्हणून नवा सेल आणायला धावणारे मी पाहिले आहेत. सेलवाल्याचा धंदा होतो, बाकी काही नाही.

खरी मोठी गफलत बोटावर असते. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना संत्रं, द्राक्ष, किवी अशी फळं सोलायला लावली आणि मग त्याच बोटाचं रक्त तपासलं. हात न धुता घेतलेले आकडे भलतेच वर गेले. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही ते उतरले नाहीत. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र खरी शुगर दिसली. सांगली जिल्ह्यात, जिथे निम्म्या वर्षाची कामं द्राक्ष, बेदाणा आणि गुळाच्या अवतीभवती चालतात, तिथे हा प्रयोग प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर लावून ठेवावा असा आहे. बेदाणा निवडून उठलेल्या बाईंची शुगर ३०० दाखवली, तर आधी हात धुवून, कोरडे करून पुन्हा तपासा.

वेण्णा तलावाकाठची सकाळ

सेलची एक तक्रार खरी आहे आणि ती थंडीची. महाबळेश्वरला हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. अशा पहाटे उपाशीपोटीची शुगर बघायला मशीन काढावं तर बॅटरीचं चिन्ह. दुपारी तेच मशीन, तोच सेल, आणि चिन्ह गायब. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. नव्या सेलला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण निम्म्याहून जास्त वापरलेला सेल अशा वेळी उघडा पडतो. मशीन थोडा वेळ खोलीच्या उबेत ठेवावं आणि येत्या आठवड्यात सेल बदलावा. बऱ्याच मशीनना १० ते ४० अंश सेल्सिअस या पट्ट्याबाहेर कामही करायचं नसतं. तापमानाचं चिन्ह किंवा एरर दाखवून ती थांबतात. हे चिन्ह आणि बॅटरीचं चिन्ह वेगळं असतं, माहितीपत्रकात दोन्हींची चित्रं असतात.

जत-आटपाडीकडे उलटी गोष्ट. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, पत्र्याच्या घरात त्याहून वर. सेल हे सोसतो, पट्ट्या सोसत नाहीत. बहुतेक डब्यांवर ३० अंशांच्या खाली ठेवायची सूचना असते. मोटारसायकलच्या डिकीत दिवसभर तापलेल्या पट्टीने चुकीचा आकडा दिला, तर मशीनला ते कळेलच असं नाही.

दुकानात काय मागायचं?

मशीनचं झाकण उघडा, जुन्या सेलवरचा क्रमांक वाचा, तोच मागा. काही कंपन्या सीआर २०३२ वर डीएल २०३२ किंवा ईसीआर २०३२ असं छापतात, ते चालतं. दुकानदाराने “हाच बसतो” म्हणून सीआर २०२५ दिला तर घेऊ नका. व्यास तोच, पण जाडी २.५ मिलिमीटर. खाली कागदाची घडी घालून तो बसवणारे कलाकार आहेत, पण स्पर्श सैल राहतो आणि मशीन हातात हललं की बंद पडतं. बीआर २०३२ मापाने जुळतो, पण त्याचं रसायन वेगळं आहे आणि अचानक लागणारा जोराचा प्रवाह त्याला तितकासा झेपत नाही.

सर्वांत जपायचं ते एलआयआर २०३२ पासून. हा चार्ज करता येणारा सेल. पूर्ण चार्ज झाल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत जातो. तीन व्होल्टसाठी बनवलेल्या मशीनला तो इजा करू शकतो, आणि त्यात वीजही सीआरच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी असते. उलट, साधा सीआर सेल चार्जरला लावून बघू नये. तो फुटू शकतो.

सुटे सेल बरणीतून काढून देणारी दुकानं टाळावीत. बरणीत सेल एकमेकांना टेकतात आणि विक्रीआधीच उतरत राहतात. कंपनीच्या बंद पाकिटातला, मुदतीची तारीख लांबची असलेला घ्यावा. लहान मुलांनी चाटू नये म्हणून काही सेलना अलीकडे कडू लेप दिलेला असतो. हा लेप काही उपकरणांत स्पर्शाच्या आड येतो. नवा कोरा सेल घालूनही मशीन ढिम्म असेल, तर तो कोरड्या फडक्याने पुसा. तरीही चालला नाही तर बिनलेपाचा आणा.

ज्या मशीनना रिमोटचे बारीक सेल लागतात, त्यांत अल्कलाइन घालावेत, दोन्ही एकाच वेळी बदलावेत आणि मशीन महिनोन्महिने वापरणार नसाल तर काढून ठेवावेत. फुटून पाझरलेला सेल स्प्रिंग गंजवतो.

खरी चूक इथे होते

सेल काढला की घड्याळ थांबतं. साठवलेले आकडे सहसा पुसले जात नाहीत, कारण ती स्मृती विजेवर अवलंबून नसते. पण नवा सेल घातल्यावर बरीच मशीन तारीख-वेळ विचारतात. चष्मा शेजारच्या खोलीत असतो, घाई असते, आणि बटण दाबत दाबत माणूस पुढे जातो. मग पहाटे साडेसहाची उपाशीपोटीची शुगर संध्याकाळी साडेसहाची म्हणून नोंदली जाते. सकाळ आणि संध्याकाळ दाखवणारी अक्षरं पडद्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढी असतात!

तीन महिन्यांनी मिरजेच्या किंवा कराडच्या डॉक्टरांपुढे मशीन ठेवलं जातं. ते मागचे आकडे चाळतात. उपाशीपोटी १६० म्हणजे एक अर्थ, जेवणानंतर १६० म्हणजे दुसरा, आणि औषधाचा डोस त्यावर ठरतो. मशीन स्वतः काढतं ती ७, १४, ३० दिवसांची सरासरीसुद्धा तारखेच्याच आधारावर असते. तारीख मागच्या वर्षातली राहिली तर आजचे आकडे त्या सरासरीत धड बसतच नाहीत. तुटपुंज्या सेलने जो आकडा बिघडवला नाही, त्याचा अर्थ नव्या सेलने बिघडवला. घरातल्या तरण्या मुलाला सेल बदलायला सांगता, तेव्हा तारीख-वेळ त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.

---

चौकट: सेल बदलताना

- मशीन बंद करा, पट्टी काढा. नवा सेल हाताशी ठेवूनच जुना काढा. काही मशीन थोड्या वेळापुरतं घड्याळ सांभाळतात.
- सेल कडेने धरा. अधिकचं चिन्ह कोणत्या बाजूला हवं ते कप्प्यात कोरलेलं असतं. लोखंडी चिमट्याने धरू नका, दोन्ही बाजू जोडल्या जाऊन सेल उतरतो.
- दोन सेलचं मशीन असेल तर दोन्ही नवे घाला.
- तारीख, वेळ, सकाळ-संध्याकाळ तपासा.
- काही कंपन्या सेल बदलल्यावर कंट्रोल द्रावणाने, म्हणजे ठरावीक ग्लुकोज असलेल्या तपासणीच्या पाण्याने, एकदा चाचणी घ्यायला सांगतात. पट्टीच्या डबीवर छापलेल्या मर्यादेत आकडा आला की झालं.
- मधुमेही माणसाला घाम सुटला, थरथर होतेय आणि मशीन बंद आहे, अशा वेळी सेल शोधत बसू नका. शुद्धीवर असेल तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या.

---

चार्जिंगचं मशीन बरं का?

मोबाइलसारखं चार्ज होणारं मशीन घ्यावं असं तरुणांना वाटतं. रोज दहा वेळा तपासणाऱ्याला ते सोयीचं असेलही. पण ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. वीज बंद, मोबाइल बंद, माणसं गच्चीवर नाहीतर निवारा केंद्रात. खाणं वेळेवर नाही, इन्सुलिनचा हिशेब चुकलेला, म्हणजे शुगर बघायची गरज नेहमीपेक्षा जास्त. अशा वेळी खिशात मावणारा, कित्येक वर्षं टिकणारा, सॉकेट न मागणारा सेलच उपयोगी. पाटण-जावळीच्या डोंगरी वाड्यांवर तपासणीला जाणाऱ्या आरोग्यसेविकेलाही हेच लागू. पट्ट्यांच्या डबीशेजारी एक बंद पाकिटातला सेल ठेवला की प्रश्न मिटला. मशीन स्वतः पुरात भिजलं असेल, तर मात्र वाळवून वापरू नये.

उतरलेला सेल मेलेला नसतो

दिव्यात पेटणारा जुना सेल हे कौतुक आहे तसाच तो धोकाही आहे. २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेत अडकायला अगदी बेताच्या मापाचा. ओलसर अस्तराला टेकला की त्यातून प्रवाह वाहू लागतो आणि उणे बाजूशी अल्क तयार होऊन ऊती भाजतात. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. मशीनने ‘संपला’ म्हणून टाकलेल्या सेलमध्येही यासाठी पुरेसा दाब उरलेला असतो. त्यामुळे दिव्याचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर तो दिवा मुलांच्या हाती देऊ नये.

सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट एक्स-रे आणि दुर्बीण तपासणीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. ओकारी काढू नका, जेवू घालू नका. मूल एक वर्षाहून मोठं असेल, त्याला गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा, असा सल्ला अमेरिकेतलं विषबाधा केंद्र देतं. मधाचा थर सेल आणि अस्तराच्या मध्ये येतो आणि भाजणं लांबतं. मध शोधण्यात मात्र वेळ घालवू नये.

जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा. मग तो दुसऱ्या सेलला किंवा किल्ल्यांना टेकला तरी प्रवाह वाहत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले सेल आणि सुया ‘घरगुती घातक कचरा’ या वेगळ्या गटात होत्या, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कराड नगरपालिका २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिली आली होती. कचरा वेगळा देण्याची सवय या भागाला परकी नाही. टोचणीच्या सुया जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात आणि सेल दुसऱ्या डब्यात ठेवा. घंटागाडीवाल्याला दोन्ही डबे हातात द्या आणि आत काय आहे ते सांगा.